दोनशे दहा उलट्या प्रदक्षिणा

रबाळे, कारखान्यातूनच
निज श्रावण वद्य पंचमी, १९८५

तीर्थस्वरूप मधुकरमामांना,

नंदूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आपला उजवा गुडघा कसा आहे? शेक चालू ठेवावा, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांनी सांगितल्या तेवढ्याच घ्याव्यात (तुम्ही गोळ्याही वेळापत्रकाने घेता आणि एखादी चुकली की पुढच्या वेळी गाड्यांसारख्या दोन एकदम सोडता, हे तुमच्या शेजारच्या मालतीबाईंनी सुमेधाला कळवलेलं आहे). मिरजेत पाऊस बरा असेल. इकडे सगळे खुशाल. तुमच्या सूनबाईची, सुमेधाची, शाळेतली नोकरी सुरळीत चालली आहे, आणि वाशीच्या आमच्या फ्लॅटचं गळकं छत दुरुस्त करण्याचा ठराव सोसायटीत चौथ्यांदा एकमताने मंजूर झाला, त्यामुळे बादल्या अजून जागच्या जागी आहेत. हे पत्र मी ऑर्डरबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितो आहे याबद्दल राग नसावा. दुसरा कागद हाताशी नाही आणि उठून आणायला वेळ नाही. तुम्ही कागद उलटून पुढची बाजू वाचलीत तरी चालेल. खरं म्हणजे वाचावीच.

आपलं पत्र नारळी पौर्णिमेला पोचलं. सात कलमं होती. पहिली सहा माझ्या स्वभावाविषयी होती, ती मला मान्य आहेत. सातवं कलम असं की अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी कारखाना बंद करावा, यंत्रं भंगारवाल्याला न देता कुणा कदर असलेल्या माणसाला द्यावीत, आणि मी पूर्वीसारखी नोकरी धरावी. मामा, मालक तुम्ही आहात. कागदोपत्री कारखाना तुमच्या नावावर, दारावर पाटी 'उकिडवे मॉडेल रेल्वेज' अशी तुमच्या आडनावाची, आणि आत ओतलेला पैसा तुमच्या अडतीस वर्षांच्या नोकरीचा. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो नाही. तुम्ही बंद म्हणालात तर बंद. माझं मागणं एवढंच की हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तसं म्हणू नये. कारण कारखाना उठून बसला आहे, मामा. आज सकाळपासून मी दोनदा चहा ओतून घेतला आणि दोन्हीदा प्यायचा विसरलो.

आता आपण बुडालो कसे ते आधी सांगतो, म्हणजे वर कसे आलो ते नीट कळेल. आपल्या गाडीत खोट काहीच नव्हती आणि तिथेच सगळं नडलं. तुमच्या पिंपळखुंटे रोड स्टेशनातून रोज दोनदा जाणारं ते बारकं वाफेचं इंजिन आपण जसंच्या तसं उतरवलं. बॉयलरवर चौसष्ट रिव्हेट पाहिजेत असं तुम्ही लिहिलंत, मी चौसष्ट बसवले. साठ बसवले असते तर जगात फक्त तुम्हाला कळलं असतं, पण तुम्हाला कळलं असतं म्हणूनच मी चौसष्ट बसवले. आपल्या रंगकामातली जमुना गार्डाच्या डब्याचा लाल दिवा डोळ्यांत पाणी येईपर्यंत बारीक कुंचल्याने रंगवायची. आणि मग ती गाडी घेऊन मी दादरला खेळण्यांच्या दुकानात गेलो की दुकानदार ती हातात घ्यायचा, वा वा म्हणायचा, किंमत विचारायचा आणि जागेवर ठेवून द्यायचा. एकाने तर मला बसवून चहा पाजला आणि समजावलं की साहेब, मुलगा ही दोनदा फिरवणार आणि तिसऱ्यांदा बॉल मागणार. मी म्हटलं, यात चौसष्ट रिव्हेट आहेत. तो म्हणाला, बॉलला एकही लागत नाही.

मग मी दादर सोडलं आणि आपल्याच भागात विकायचं ठरवलं. हा दुसरा शहाणपणा. नवी मुंबईत सगळं नवं आहे, रस्ते नवे, घरं नवी, माणसं नवी, आणि रेल्वे मात्र अजून नकाशावर आहे. वाशीत एकेका फ्लॅटची बेल वाजवून मी 'रेल्वे आणली आहे' म्हणायचो तेव्हा आतून माणूस ज्या उत्साहाने धावत यायचा, तो खोका बघितल्यावर जसा मावळायचा, ते सांगण्यासारखं नाही. एका गृहस्थांनी मला घरात घेऊन, पंखा लावून, ठाण्याकडून येणार की मानखुर्दकडून, पूल कधी, तिकीट किती, असं अर्धा तास विचारलं. मी खेळण्यांचा कारखानदार आहे हे त्यांना पटेचना. रेल्वेतली माणसं खरं बोलत नाहीत म्हणे.

याच सुमारास, फेब्रुवारीत, तुमचं काटकसरीचं पत्र आलं (आठवत असेल, निळ्या शाईत होतं). गाडीत जे जे अनावश्यक ते ते काढून टाकून किंमत उतरवावी, असं तुम्ही लिहिलं होतंत, आणि उदाहरण म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या डब्यावरच्या उलट-सुलट खटक्याकडे बोट दाखवलं होतंत. तो खटका दाबला की गाडी मागे जायची. तुम्ही लिहिलंत, "अडतीस वर्षांत माझ्या स्टेशनातून गेलेली गाडी कधी मागे आली नाही. तुझ्या गाडीला मागे जाण्याचं काय काम?" मला तो मुद्दा बिनतोड वाटला. खटका काढला. गाडीमागे आठ रुपये वाचले. मी कुणाला दोष देत नाही, फक्त क्रम ध्यानात असावा म्हणून सांगतो.

आता बायजा. आपल्या जोडणी विभागाची मुख्य म्हणजे बायजा (जोडणी विभाग म्हणजे एक लांब टेबल आणि घणसोली गावातून चालत येणाऱ्या नऊ बायका). चौथी शिकलेली आहे, पण तिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर बघितला की मला माझी इंजिनियरिंगची पदविका लपवून ठेवावीशी वाटते. मागच्या वर्षी, खटका काढण्यापूर्वीची गोष्ट, तिने रंग खरवडलेली एक गाडी घरच्या गणपतीच्या आराशीसाठी मागितली. मी दिली. तिने काय केलं, तर चौरंगाभोवती रूळ गोल मांडले, मध्ये मूर्ती, आणि मागच्या उघड्या वाघिणीत, म्हणजे ज्यात आपण दगडी कोळसा भरतो त्या मालडब्यात, एक उकडीचा मोदक ठेवून गाडी सोडली. गाडी देवाला प्रदक्षिणा घालायची आणि मोदक घेऊन पुन्हा समोर यायची. तुम्ही म्हणाल, मालगाडीत प्रवासी नेऊ नयेत तसा नैवेद्यही नेऊ नये. पण घणसोलीत त्या पाच दिवसांत म्हणे बायजाच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. मला हे सगळं कळलं सुद्धा नाही. मी त्या पाच दिवसांत वाशीत बेल वाजवत फिरत होतो.

यंदा आषाढात एक दिवस बाहेर माणसं उभी. मला वाटलं गेट चुकली, शेजारच्या रंगाच्या कारखान्यात भरती असेल. पण ती घणसोलीची माणसं होती आणि त्यांना बायजाच्या घरच्यासारखी 'गणपतीची गारी' पाहिजे होती. त्या दिवशी चौदा ऑर्डरी. दुसऱ्या दिवशी बावीस. मग कोपरखैरण्याची, बोनकोड्याची, आणि पाठोपाठ थेट नेरूळकडून सारसोळ्याची कोळी मंडळी टेम्पो करून आली, त्यांचे पुढारी बाळाराम. त्यांनी चौसष्ट रिव्हेट मोजले नाहीत, वाघिणीत मोदक मावतो का एवढंच तपासलं (जमुनाने पिठाचा मोदक करून दाखवला, मावला). एकूण दोनशे दहा. मामा, आपण गेल्या तीन वर्षांत मिळून एकशे एकोणीस विकल्या होत्या. त्यात यंदा अधिक श्रावण आल्यामुळे गणपती महिनाभर पुढे गेले. देवानेच आपल्याला मुदत वाढवून दिली, नाहीतर एवढ्या गाड्या झाल्याच नसत्या. निज श्रावण लागता लागता दोनशे दहाच्या दोनशे दहा घरपोच झाल्या. मी सुमेधाला म्हटलं, यंदा मामांना पत्र ताठ मानेने लिहायचं. आणि नारळी पौर्णिमेला तुमचंच पत्र आलं. ते मी रात्रभर उशाखाली ठेवलं आणि ठरवलं की उद्याच उत्तर लिहायचं.

तो उद्या उजाडला आणि दारात मिरवणूक. ढोल नव्हता, बाकी सगळं होतं. पुढे बायजाची सासू रखमा, मागे अर्धं घणसोली, आणि टेम्पोतून पुन्हा सारसोळे, नारळी पौर्णिमेचे कपडे अंगावरच. प्रत्येकाच्या काखेत आपला खोका. रखमाने खोका माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "शेठ, देव डाव्या अंगाला ठेवून कोन फिरतंय? मर्तिकाला फिरतान तसं?"

मी टेबलावरचे कागद बाजूला सारले. तिथेच रूळ मांडले, मध्ये देव म्हणून माझा स्टीलचा तांब्या ठेवला आणि गाडी सोडली. आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडी तांब्याला उलटी प्रदक्षिणा घालू लागली. मामा, आपण लहानपणापासून देवळात जातो. देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं हे शिकवावं लागत नाही. दोनशे दहा घरांत बाप्पा यायचे आणि दोनशे दहा गाड्या त्यांना अपशकुनी फेऱ्या घालायच्या. मागच्या वर्षी बायजाची गाडी सरळ फिरली कारण तिला खटका होता, तिने दाबून बघितला, दिशा बदलली, विषय संपला. यंदा खटका नाही. तो का नाही, हे मी वर लिहिलंच आहे.

लोकांनी आधी घरी आपापल्या परीने उपाय केले होते. इंजिन उचलायचं आणि तोंड फिरवून ठेवायचं. पण आपल्या गाडीत एका रुळात धन आणि एका रुळात ऋण वीज असते, त्यामुळे इंजिनाचं तोंड कुठेही करा, गाडी त्याच दिशेला जाते, फक्त शेपटीकडून. म्हणजे आता गार्डाचा डबा पुढे, इंजिन मागे, आणि प्रदक्षिणा उलटीच. रखमा म्हणाली हे तर आणखी वाईट. मी फळ्यावर आकृती काढून विजेचा प्रवाह समजावला. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाळाराम म्हणाले, "समजला शेठ. पन देवाला समजंल का?"

मी घाबरलो की मला युक्तिवाद सुचतात, हे तुम्ही पहिल्या सहा कलमांत लिहिलंच आहे. मी म्हटलं, दिशा ही बघणाऱ्यावर असते, हीच गाडी खालून बघितली तर सरळ फिरते. त्यावर कुणीतरी मागून विचारलं की चौरंगाखाली जाऊन बघायचं कोणी. सारसोळ्याच्या एका म्हाताऱ्याने सुचवलं की महादेवाला जशी अर्धी प्रदक्षिणा घालून परत फिरतात तसं करावं. सूचना शास्त्राला धरून होती, पण परत फिरायला खटका लागतो. आणि देवही महादेव नव्हे, गणपती. मुलाला बापाचा नियम लावता येईल का यावर तिथे दहा मिनिटं चर्चा झाली. तेवढ्यात बँकेचे जयप्रकाश साहेब आले. हो, त्याच दिवशी. त्यांना कारखान्याची परिस्थिती पाहून वर अहवाल पाठवायचा होता. त्यांनी गर्दी बघितली, परत आलेले खोके बघितले, तांब्याभोवती उलटी फिरणारी गाडी बघितली, आणि वही उघडली. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, त्या वेळी मला तुमचं सातवं कलम फार शहाणपणाचं वाटलं.

मी मनात हिशेब करत होतो की मुंबईला लोहार चाळीच्या विजेच्या बाजारातून दोनशे दहा खटके आणायचे, डबे फोडायचे, खटके बसवायचे, पुन्हा रंगवायचे, आणि गणपती तर अठरा दिवसांवर. तोंडाने मी काही बोललो असेन, कारण बायजा टेबलाजवळून उठून आली. तिने ट्रान्सफॉर्मरचा डबा उलटा केला, मागचे दोन स्क्रू सैल केले आणि म्हणाली, "लोहार चाळ कशाला, शेठ? लाल तार कालीच्या जागी, काली लालच्या जागी. आनि इंजिनचा तोंड फिरवा. झाला काम." तारा बदलल्या, गाडी फिरवून ठेवली, बटण दाबलं, आणि गाडी पुढे तोंड करून, देव उजव्या हाताला ठेवून, तांब्याभोवती अशी काही डौलात निघाली की रखमाने हात जोडले. तांब्यालाच जोडले, पण जोडले.

तिथल्या तिथे ज्यांनी खोके आणले होते त्यांचं काम झालं, एकेकाला पाच मिनिटं. उरलेल्यांच्या घरी आमच्या नऊ बायका तीन तीनच्या टोळ्या करून गेल्या, पदराला स्क्रू-ड्रायव्हर खोचून. मीही सारसोळ्याला गेलो. मामा, तुम्ही तिथे यायलाच हवं होतं. प्रत्येक घरात कंदी पेढा किंवा खोबऱ्याची वडी, प्रत्येक घरात रूळ मांडून बघायचे, आणि प्रत्येक घरात एक नवी मागणी. एकाला वाघीण मोठी हवी, कारण त्याच्या घरचा मोदक मोठा. एकीला दूर्वांसाठी वेगळा डबा. बाळारामांना इंजिनाऐवजी होडी हवी होती, रुळावरून चालणारी, शिडाची. मी म्हटलं होडी रुळावरून कशी जाईल. ते म्हणाले, गाडी देवाभोवती जाते तशी. मी परत येऊन तसं चित्र काढलं. हे वाचून तुम्हाला त्रास होईल हे मला माहीत आहे, पण खरं लिहितो: आपण इतकी वर्षं खऱ्या गाडीशी एकास सत्त्याऐंशी असं प्रमाण धरून बसलो होतो, आणि आता आपलं प्रमाण एक मोदक असं आहे. त्या प्रमाणात काम करायला मला फार मजा येते आहे.

आणि आता मुख्य बातमी. परवा वाशीच्या आमच्याच सेक्टरच्या गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष विलास कारखान्यात आले. त्यांच्या मेव्हण्याकडे घणसोलीत त्यांनी गाडी पाहिली होती. विलास म्हणजे एकदम झटपट माणूस, स्कूटर बंद न करता बोलतो. म्हणाला, "साहेब, यंदा आपला देखावा 'रेल्वे वाशीत आली'. खाडी पायजे, पूल पायजे, तिकडून गाडी येनार, इकडं स्टेशन, वर पाटी वाशी. खरी येईल तेव्हा येईल, टेन्शन नको, आपण आणू." बारा फुटांचा पूल, खाली खरं पाणी, चार गाड्या. किमतीचं मी तोंडातून काढायच्या आत त्यानेच आकडा सांगितला, आणि मी जो सांगणार होतो त्याच्या तिप्पट होता (मी गप्प बसलो, ते त्याला विचार करणं वाटलं). त्याची एक किरकोळ अट आहे, तिचं पुढे बघू.

ही बातमी फुटल्यापासून वाशीत दुसरा विषय नाही. काल रात्रीच्या सभेत देखाव्यातल्या गाडीचं वेळापत्रक ठरत होतं आणि सभा तीन तास चालली. आठ बाराची जलद गाडी वाशीला थांबलीच पाहिजे असा एका ब्लॉकचा अर्ज आला, सत्तावीस सह्यांचा. सुमेधाच्या मुख्याध्यापिका वैजयंतीबाईंनी बायकांचा डबा मध्यभागी असावा अशी मागणी लावून धरली आणि मंजूर करून घेतली. लांबी एक वीत आहे हो, त्या डब्याची. पण कुणी हसलं नाही. मीही हसलो नाही. खरी गाडी येईल तेव्हा आपल्याला कोण विचारणार आहे, असं एक जण म्हणाला आणि मग सगळे आणखी जोरात भांडले. आता नेरूळच्या आणि तुर्भ्याच्या मंडळांनाही आपापल्या नावाची स्टेशनं हवी आहेत. तुर्भेवाल्यांनी जास्त पैसे देऊ म्हणून सांगितलं आहे, पण गाडी तुर्भ्याला वाशीच्या आधी पोचली पाहिजे.

जयप्रकाश साहेब काल पुन्हा येऊन गेले. वही आणली नव्हती. त्यांनी कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची शिफारस केली आहे, आणि निघताना दारात थांबून, त्यांच्या पनवेलच्या घरच्या गणपतीसाठी एक गाडी मिळेल का असं विचारलं. रोख दिले. वाघीण दोन मोदकांची. तेव्हा मामा, देणी फिटताहेत, बायकांचा पगार पहिल्यांदाच एक तारखेला झाला, आणि दिवाळीपर्यंत हाताला उसंत नाही. तुम्ही सातवं कलम मागे घ्यावं एवढंच माझं सांगणं. तुमच्या पैशाची मी माती केली असं मला दोन वर्षं वाटत होतं आणि त्यामुळे मिरजेला यायची लाज वाटायची. आता वाटत नाही.

मालतीबाईंना नमस्कार सांगावा. गोळ्या एकेकच घ्याव्या. वडीलधाऱ्यांचा हात डोक्यावर असला की आम्हा लहानांचं निभतं, तो तसाच असू द्यावा.

आपला,
नंदू

ता. क. हे पत्र सुमेधाने बायजाला वाचून दाखवलं (मी नको म्हणत होतो). बायजाचं म्हणणं, एक गोष्ट राहिली, ती लिहाच. तर लिहितो. दोष तुमच्या काटकसरीचा नव्हता. खटका नसला तरी गाडी सरळ फिरली असती, जर तारांचा नकाशा मी भिंतीवर उलटा टांगला नसता. वरची बाजू खाली. बायजाने हे आषाढात पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं आणि मी तिला 'नकाशात आहे तसंच जोडा' असं सुनावलं होतं. पुढे मी दोनशे दहा वेळा तपासणीचा शिक्का मारला. निळ्या शाईतल्या पत्राबद्दल वर जे काही सुचवलं आहे ते कृपया खोडून वाचावं.

ता. क. २. विलासची अट. त्याला देखाव्यात खरा स्टेशनमास्तर हवा आहे. पुठ्ठ्याचा चालणार नाही. काळा कोट, टोपी, हातात हिरवा बावटा, आणि दहाही दिवस संध्याकाळी सहा ते दहा. तो नसेल तर ऑर्डर रद्द, आणि वाशीची रद्द झाली की नेरूळ-तुर्भ्याचीही झालीच, कारण ती मंडळं वाशीचंच बघून आली आहेत. मी म्हटलं, आमच्या घरात आहे. तेव्हा मंडळाने पत्रकं छापली. सोबत एक पाठवतो. तुमचं नाव मोठ्या टायपात आहे आणि पुढे 'अडतीस वर्षांच्या सेवेत एकही अपघात नाही' असं विलासने स्वतःच्या मनाने घातलं आहे. रुळावरच्या त्या म्हशीचं मी त्याला सांगितलं नाही.

ता. क. ३. एवढं लिहिलं आहे तर तेही लिहितो. मंडळाच्या करारावर मालकाची सही लागत होती. तुम्ही मिरजेत, विलास स्कूटर चालू ठेवून दारात. मी तुमची सही केली. हुबेहूब आली, विलासला शंकासुद्धा आली नाही. सही हुबेहूब येणारच होती, आई गेल्यावर तुम्ही मला पिंपळखुंट्याला घेऊन आलात, तिथे पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत माझ्या प्रगतिपुस्तकावर तुमची सही बहुतेक मीच करत होतो. तुम्ही दिवसभर ड्यूटीवर असायचात आणि नापास झाल्याचं तुम्हाला दाखवायची मला छाती नव्हती. पास झाल्याचं दाखवायला मी स्टेशनात पळत यायचो, ते तेवढं तुम्हाला आठवत असेल. यंदाही तसाच पळत सुटलोय, मामा, पण दिलेलं वचन खोट्या सहीवर उभं आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तरी निघा. येऊन त्या कागदावर खरी सही करा. नाहीतर मंडळासमोर उभं राहून सांगा की ही माझी नव्हे आणि कारखाना बंद. मी दोन्ही ऐकून घेईन. पण या वेळी तुमच्या वतीने मी काही करणार नाही, तुम्हालाच यावं लागेल.